पेटीतलं जुनं पॉकेट वॉच कोणाचं? ओळख पटवायची पायरीपायरीने

भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, जळगाव या पट्ट्यात जुनं घर रिकामं करायला घेतलं की कुठल्यातरी पेटीच्या तळाशी धोतराच्या चिंधीत गुंडाळलेलं खिशातलं घड्याळ सापडतं. घरातलं कोणी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड असतं, कोणी कापसाच्या जिनात मुनीम, कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेलेलं. डायलवरचं नाव कोणीच ऐकलेलं नसतं, कधी तर नावच नसतं. फोटो चार जणांना पाठवला की एक म्हणतो लाखाचं आहे, दुसरा म्हणतो भंगारात घाल. दोघंही फक्त डायल पाहून बोलत असतात.

आमच्या घरातल्या अशाच एका घड्याळाचा छडा लावायला बसलो आणि नंतर नातलगांचीही पाहत गेलो, त्यातून ही रीत बसली. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. डायलवर ज्याचं नाव, त्यानेच घड्याळ बनवलं असं धरून चालू नका. त्या काळात आतलं मशीन एका कारखान्याचं, त्याभोवतीची धातूची डबी दुसऱ्याची, डायल तिसऱ्याची आणि वर नाव मुंबई-कलकत्त्याच्या पेढीचं, असा सरळ व्यवहार होता. त्यामुळे कागदावर चार रकाने आखा: मशीन कोणाचं, डबी कोणाची, विकलं कोणी, वापरलं कोणी. एका रकान्याचं उत्तर दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

लागणारं सामान

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात ते चालेल.
- जवळचे फोटो नीट काढणारा मोबाइल
- व्हर्नियर कॅलिपर. प्लास्टिकचा स्वस्तातला पुरतो.
- डबी उघडायची बोथट पात्याची सुरी आणि हवा भरलेला छोटा रबरी चेंडू
- पांढरा कागद अंथरलेलं ताट, म्हणजे स्क्रू पडला तर दिसेल
- वही, पेन्सिल

लोहचुंबक मुद्दाम यादीत नाही. डबी लोखंडी आहे का हे पाहायला लोक चुंबक लावतात, आणि आतली केसासारखी हेअरस्प्रिंग चुंबकाने भारली जाते. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ सुसाट पुढे पळायला लागतं.

१. आधी माणसांना विचारा, मग घड्याळाला

घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आजच विचारा. घड्याळ कोणाच्या अंगावर पाहिलं, साखळी होती का, ते माणूस नोकरीला कुठे होतं, निवृत्तीला भेट मिळालं की विकत घेतलं. जुनी कागदं काढा: सर्व्हिस बुक, पेन्शनची कागदं, फौजेचं डिस्चार्ज सर्टिफिकेट, दुकानाची पावती, घड्याळ ज्यात मिळालं तो मूळ खोका असेल तर त्याच्या झाकणाच्या आतला छाप. ग्रुप फोटोत कोटाच्या खिशातून साखळी लोंबताना दिसली तर तोही पुरावा.

ऐकलेलं सगळं लिहून घ्या, पण दुसरा पुरावा मिळेपर्यंत खरं मानू नका. 'साहेबाने खूश होऊन दिलं' ही गोष्ट मी इतक्या घरांत ऐकली आहे की तेवढे साहेब जी.आय.पी.त असतील असं वाटत नाही.

२. चावी देऊ नका

घड्याळ हातात आलं की प्रत्येकाचा अंगठा चावीकडे, म्हणजे वरच्या फिरवायच्या गुंडीकडे, जातो. थांबा. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या पेटीत पन्नास वर्षं काढलेल्या घड्याळातलं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, त्यात काळ्या मातीची धूळ. जिनातल्या माणसाचं घड्याळ असेल तर कापसाचं तूसही. अशा अवस्थेत चालवलं तर चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं झिजतात. दोन-तीन हलके वेढे देऊन टिकटिक येते का पाहिलंत तर चालेल, त्यापुढे नाही. चावी आधीच घट्ट असेल तर हातच लावू नका.

केरोसिन, पेट्रोल, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवणारा स्प्रे: यातलं काहीही आत जाता कामा नये. खोबरेल तर हिवाळ्यात थिजतं.

काटे फिरत नाहीत म्हणून चावी तुटली असंही समजू नका. काही घड्याळांत चावीच्या शेजारी डबीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं बटण असतं. ते नखाने दाबून धरायचं आणि चावी फिरवायची, मग काटे हलतात. काही अमेरिकन घड्याळांत पुढची काच फिरवून काढावी लागते, डायलच्या कडेला लपलेली पट्टी बाहेर ओढावी लागते, तेव्हा काटे फिरतात. गार्डाच्या खिशात चुकून वेळ बदलू नये म्हणून ती सोय. आणि चावीच नसेल, मागे चौकोनी दांडीचं भोक असेल, तर घड्याळ सुट्या किल्लीचं आहे. ते बहुधा एकोणिसाव्या शतकातलं. इंग्लंडमध्ये मात्र अशी घड्याळं बरीच उशिरापर्यंत बनत राहिली.

३. डायल वाचा, पण तिच्यावर विसंबू नका

भिंग लावून डायल सावकाश वाचा. सहाच्या खाली अगदी कडेला 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असं बारीक अक्षरांत असतं. ते असेल तर घड्याळ ढोबळमानाने १८९० नंतरचं. मूळ देश लिहिण्याची सक्ती आणणारे कायदे त्याच सुमारास आले: ब्रिटनचा १८८७चा, हिंदुस्थानातला १८८९चा आणि अमेरिकेचा १८९०चा जकात कायदा.

आपल्या भागात सापडणारी दोन नावं ओळखून ठेवा. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबई-कलकत्त्यात होती. मशिनं लाँजिन्ससारख्या स्विस कारखान्यांकडून घेऊन ती आपल्या नावाने विकायची. तिच्या डायलवर 'सोवार', 'मॅचलेस', 'क्वीन ॲन', 'सेकंडस' अशी नावं दिसतात. ती मॉडेलची नावं, कारागिराची नाहीत. दुसरं नाव फावर ल्युबा. ही मंडळी १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत होती आणि स्वतःच्या घड्याळांबरोबर झेनिथसारखी दुसऱ्यांचीही विकत होती. म्हणजे डायलवर 'बॉम्बे अँड कलकत्ता' दिसलं की ते 'विकलं कोणी' या रकान्यात लिहा आणि पुढे चला.

डायलवर किंवा मागच्या झाकणावर जी.आय.पी.आर. अशी अक्षरं आणि सोबत एखादा नंबर असेल तर घड्याळ रेल्वेच्या मालकीचं होतं, हा भक्कम अंदाज. तो नंबर रेल्वेच्या दप्तरातला असतो, कारखान्याचा नव्हे. त्यावरून सन काढायला जाल तर भलतंच काहीतरी हाती येईल.

इंजिनाचं चित्र ही वेगळी भानगड. मागच्या झाकणावर धूर सोडणारं इंजिन कोरलेलं असलं की घरोघरी 'रेल्वेने दिलेलं' अशी आख्यायिका तयार होते. इंजिनाची चित्रं आणि 'रेल्वे टाइमकीपर', 'रेग्युलेटर' हे शब्द स्वस्तातल्या बाजारी घड्याळांवर सर्रास छापले जात, कारण रेल्वे म्हणजे अचूक वेळ असा लोकांचा समज होता. आमच्या घरातलं घड्याळही इंजिनवालंच निघालं, आणि आतून रोस्कोफ पद्धतीचं, म्हणजे स्वस्तातल्या बनावटीचं. आख्यायिका तशी जुनी होती, पण रकान्यात गेली नाही.

जुनी चांगली डायल इनॅमलची असते, तांब्याच्या पत्र्यावर भाजलेली काच. तिला केसाएवढ्या चिरा जातात, पण रंग उडत नाही. अक्षरं जाडीभरडी, किंचित वाकडी, स्पेलिंग चुकलेलं आणि रंग ताजा असेल तर डायल नंतर रंगवलेली आहे. अशा डायलवरच्या नावाला काडीची किंमत देऊ नका.

आणखी एक सावधगिरी. आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी जाड लेप असेल तर तो रेडियमचा असू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून १९६०च्या दशकापर्यंत तो वापरात होता. आता तो चमकत नाही, पण किरणोत्सर्ग तसाच चालू असतो. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काच काढू नका, लेप खरवडू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

४. मागचं झाकण उघडणं

सगळ्यात जास्त नुकसान या पायरीला होतं. डबी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवल्याशिवाय सुरी हातात घेऊ नका.

बिजागरीची डबी असेल तर कडेवर कुठेतरी नखाएवढी ओठासारखी उंचवट्याची जागा असते. बिजागरीच्या समोर शोधा. तिथे बोथट पातं टेकवून किंचित पिळलं की झाकण सुटतं. आत बहुधा आणखी एक झाकण असतं, तेही तसंच उघडतं. स्क्रूची डबी असेल तर रबरी चेंडू झाकणावर दाबून डावीकडे फिरवा, चेंडूची पकड बसते. पुढे झाकण असलेलं घड्याळ चावी दाबली की उघडतं. बंद करताना चावी दाबूनच बंद करा, नाहीतर आतला खटका झिजतो.

काही अमेरिकन डब्यांना मागे उघडायला जागाच नसते. पुढची काच फिरवून काढायची आणि अख्खं मशीन बिजागरीवर बाहेर वळवायचं. अशा डबीच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या ओरखड्यांची रांगोळी पाहिली की वाईट वाटतं. कडेला ओठ सापडत नसेल तर घड्याळजींकडे जा. भुसावळला एका म्हाताऱ्या घड्याळजींनी मला सांगितलेलं वाक्य मी अजून वापरतो: "आधी मशीन देख भो, डबी मंग."

तरी लिहिताना डबी आधी घेतो, कारण झाकण उघडल्यावर तीच आधी समोर येते.

५. डबीवरचे शिक्के

प्रत्येक झाकणाच्या आतला फोटो तिरप्या उजेडात काढा. शिक्के असे वाचा:

- अस्वल: स्वित्झर्लंडची ०.८७५ चांदी. रानकोंबड्यासारखा पक्षी: ०.८०० चांदी. हे शिक्के १८८०च्या स्विस कायद्यानंतरचे. तीन अस्वलं आणि ०.९३५ हा आकडा असेल तर डबी ब्रिटिश बाजारासाठी केलेली.
- बाईचं मस्तक: १८ कॅरेट सोनं. खार: १४ कॅरेट.
- चालता सिंह: इंग्लंडची ९२५ चांदी. सोबत नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं डोकं असेल तर लंडन. शेजारचं एकटं अक्षर सन सांगतं, पण प्रत्येक शहराचा तक्ता निराळा. १९०७ पासून ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या डब्यांना वेगळे आयात शिक्के बसू लागले. तिथे सिंह शोधू नका.
- 'वॉरंटेड २० इयर्स': ही घड्याळाची वॉरंटी नव्हे. सोन्याचा पातळ पत्रा चढवलेली अमेरिकन डबी आहे, आणि तो पत्रा वीस वर्षं टिकेल अशी ती हमी.
- 'अर्जेंटान', 'अल्पाका', 'निकेल सिल्व्हर': यात चांदी औषधालाही नाही.

जळगावच्या सराफ बाजारात कॅरेट मोजायचं मशीन असलेलं दुकान सहज सापडतं. तिथून धातू तपासून घ्या, पण डबीवर कानस किंवा आम्ल लावू देऊ नका. त्या कॅरेट-मशिनावरची तपासणी ओरखडा न काढता होते. सराफ वजनावर भाव सांगेल, तो त्याचा धंदा. मात्र डबी मोडीत गेली की उघडं मशीन कोणी घेत नाही, आणि घड्याळाच्या निम्म्या खुणा वितळून जातात.

झाकणाच्या आत सुईने खरवडलेली बारीक अक्षरं आणि आकडे दिसतील. कधी मोडी, कधी गुजराती. ते दुरुस्ती करणाऱ्यांचे असतात: पावतीचा नंबर, तारीख, स्वतःची खूण. तिथे १९३४ असेल तर घड्याळ १९३४ला दुरुस्त झालं, म्हणजे त्याआधीचं आहे. एवढंच त्यातून कळतं, आणि तेही थोडं नाही.

डबीतल्या कंपनीच्या नावाला घड्याळाची कंपनी समजणं ही तर नेहमीची चूक. 'इलिनॉय वॉच केस कंपनी, एल्जिन' असा छाप पाहून कोणी घड्याळ इलिनॉयचं ठरवतो, कोणी एल्जिनचं. ती कंपनी फक्त डब्या बनवायची.

६. आतल्या झाकणावरचं फ्रेंच

आतल्या झाकणावर वळणदार अक्षरांत चार-पाच ओळी कोरलेल्या असतात आणि घरातला कोणीतरी त्यातून मालकाचं नाव शोधून काढतो. तिथे मालक सहसा नसतो, घड्याळाची जाहिरात असते. आपण इंग्रजी वाचतो तसेच हे शब्द इथे लिहितोय, म्हणजे अक्षरं जुळवता येतील.

'रेमॉन्टॉयर' म्हणजे सुट्या किल्लीशिवाय चावी देता येणारं. 'सिलिंड्रे' आणि 'अँक्रे' ही आतल्या यंत्रणेची नावं, त्यात 'अँक्रे' वरच्या दर्जाची. 'लिग्ने ड्रॉइट' म्हणजे तिचे भाग सरळ रेषेत. 'रुबिस' म्हणजे माणिक, त्याआधीचा आकडा आत चाकांची टोकं टेकायला किती खडे बसवलेत ते सांगतो. 'ब्रेवेट' म्हणजे पेटंट, 'डेपोसे' म्हणजे नोंदवलेलं. 'असिए गॅरंटी' म्हणजे हमीच्या पोलादाची डबी, बहुधा काळी. 'स्पायरल ब्रेगेट' पाहून नाचू नका. ब्रेगे हा पॅरिसचा थोर घड्याळजी खरा, पण इथे फक्त त्याने काढलेल्या वळणाची हेअरस्प्रिंग आहे एवढाच अर्थ.

प्रदर्शनांची पदकं कोरलेली असतील तर सन वाचा. १९०० असेल तर डबी त्याआधीची नाही. सन नसलेली नुसती गोल गोल पदकं बहुधा शोभेची.

७. मशीन

खरी ओळख इथे आहे, म्हणून वेळ इथे द्या.

पहिला फोटो अख्ख्या मशिनाचा, सरळ वरून. नंतर तुकड्यातुकड्यांचे. मशिनाच्या वरच्या पट्ट्यांचा आकार हीच त्याची बोटाच्या ठशासारखी खूण. वर एकच मोठी गोल प्लेट आहे, पाऊण प्लेट आहे, की वेगवेगळे पूल (सुट्या पट्ट्या) आहेत आणि ते कसे वळले आहेत, हे पाहा. जुळवणी याच आकारावर करायची असते.

वेग कमी-जास्त करणारी छोटी दांडी शोधा. तिच्या बाजूंना ए आणि आर ही अक्षरं असतील तर ती फ्रेंच, पुढे आणि मागे यांसाठी. एफ आणि एस असतील तर इंग्रजी बोलणाऱ्या बाजारासाठी मशीन तयार झालं. आत सायकलच्या चेनसारखी सूक्ष्म साखळी शंकूवर गुंडाळलेली दिसली तर घड्याळ बहुधा इंग्लिश घडणीचं, आणि त्याला घरी अजिबात हात लावू नये.

मग नंबर. अमेरिकन घड्याळ असेल, वॉल्थम, एल्जिन वगैरे, तर काम सोपं. मशिनावरचा नंबर टाकला की सन आणि दर्जा मिळतो. नंबर मशिनावरचाच घ्या, डबीवरचा नाही. स्विस घड्याळांचं असं नाही. प्रत्येक कारखान्याची मोजणी वेगळी, आणि मशिनावर नाव नसताना नंबर घेऊन लाँजिन्सच्या तक्त्यात सन शोधणं निव्वळ खेळ. क्रॉसच्या खुणेपुढे आकडा असेल तर तो स्विस पेटंटचा नंबर, म्हणजे मशीन १८८८ नंतरचं.

नाव दिसत नसेल तर ते बहुधा बॅलन्सच्या (पुढेमागे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली किंवा डायलच्या मागे आहे. कारखाने तिथे बारीक शिक्का मारत: ए. शिल्डचा 'ए एस', फाँतेनमेलोंचा 'एफ एच एफ', युनिटास, कोर्तेबेर. हे भाग काढायचं काम घड्याळजींचं. जाताना सांगा की साफसफाईआधी डायलमागचा फोटो हवा. नीट सांगितलं नाही तर ते मशीन खोलून, साफ करून, जोडून देतील आणि शिक्का पुन्हा झाकला जाईल.

माप घ्यायचं ते मशिनाच्या प्लेटचं, डबीचं नाही. जुन्या याद्यांत लीन्य हे फ्रेंच माप असतं, एक लीन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर. प्लेट ४३ मिलिमीटरच्या आसपास भरली तर मशीन १९ लीन्यचं, आणि खिशातली पुष्कळ घड्याळं याच मापाची.

टिकटिक कर्कश असेल, खड्यांचा पत्ता नसेल, मशिनाच्या मधोमध नेहमीचं चाक नसेल, तर मशीन रोस्कोफ पद्धतीचं. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफने १८६७ मध्ये मजुराला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ बाजारात आणलं. पुढे त्याची नक्कल असंख्य कारखान्यांनी केली, आणि 'रोस्कोफ' हे नाव डायलवर असलं तरी बनवणारा दुसराच निघतो. अशा घड्याळाचा नेमका कारखाना बऱ्याचदा सापडत नाही. त्यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही.

८. चिन्ह शोधणं

शिक्क्यात नाव नसून चित्र असेल, नांगर, तारा, घोडेस्वार, बाण, तर इंटरनेटवर मिक्रोलिस्क या जर्मन संग्रहात घड्याळांची व्यापारचिन्हं शोधता येतात. अमेरिकन नंबरांसाठी पॉकेट वॉच डेटाबेस. स्विस मशिनांच्या आकारांसाठी रान्फ्टचा संग्रह. जाणकारांना विचारताना फोटो आणि माप एकत्र द्या: डायल, पाठ, प्रत्येक झाकणाची आतली बाजू, मशीन, शिक्का जवळून, आणि प्लेटचं माप. नुसत्या डायलचा फोटो टाकून 'किंमत किती' विचारणाऱ्याला कोणी नीट उत्तर देत नाही.

दोन पुरावे एकमेकांशी जुळले तरच रकान्यात पेनाने लिहा. एकच असेल तर पेन्सिल. नमुना असा:

*मशीन: स्विस, अँक्रे पद्धत, १५ खडे, १९ लीन्य. कारखाना: ए. शिल्ड (पेन्सिल). डबी: ०.८०० चांदी, पक्ष्याचा शिक्का, १८८० नंतर. विकलं: मुंबईची पेढी, डायलवरून. वापरलं: पणजोबा, चाळीसगाव, फोटोत साखळी.*

९. विकायचं किंवा बाहेर पाठवायचं असेल तर

दुरुस्तीला देताना मूळ काटे, काच, डायल बदलली तर जुने भाग परत मागून घ्या. पॉलिश करू देऊ नका, शिक्के त्यातच पुसले जातात.

नातेवाईक अमेरिकेत आहे, तिकडे विकू, असा बेत असेल तर एक कायदा माहीत हवा. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. घड्याळ १९००च्या आसपासचं ठरत असेल तर ते पुरावस्तूत मोडतं का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्या. ते अर्ज घेतात तेव्हा फोटो, माप आणि घडण कधीची याचा आधार लागतो, म्हणजे वरचे चार रकाने भरलेले असले की अर्ध्याहून जास्त काम झालेलंच असतं.